कोटातली मुंबई आणि कोटाबाहेरची मुंबई

मुंबईस जाऊन आलेल्या माणसाला गावात पहिला प्रश्न ठरलेला असतो : "काय काय पाहिलंस?" उत्तरही बहुधा ठरलेलेच. राणीची बाग पाहिली, गेटवे पाहिला, चौपाटीवर भेळ खाल्ली आणि गर्दी, अहो, काय ती गर्दी! एवढे सांगून झाले की मुंबई संपली. पण शहर हे काही नुसते पाहण्याच्या चार वस्तूंचे मिळून होत नाही. आपल्या गावात जशी पाटलाची आळी, कुंभारवाडा, बाजारपेठ आणि वेशीबाहेरची वस्ती असते, आणि प्रत्येक आळीचा स्वभाव वेगळा असतो, तशीच मुंबईचीही आळ्या-आळ्यांची घडण आहे. ती कळली की गर्दीतसुद्धा वाट सापडते. म्हणून आज मुंबईच्या जुन्या मध्यवस्तीची ओळख करून घेऊ. कुलाब्याच्या अलीकडपासून गिरगावापर्यंतचा हा चार-पाच किलोमीटरचा टापू आहे. जुनी माणसे त्याचे दोन भाग करीत : एक 'कोट' आणि दुसरा 'बाहेरचा कोट'.

कोट म्हणजे काय, हे गावच्या माणसाला वेगळे सांगायला नको. गावाला गावकूस असते, वेस असते. मुंबईलाही एके काळी तशीच भिंत होती. १६६१ सालच्या विवाहाच्या तहाने मुंबई बेट पोर्तुगिजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आले आणि १६६८ साली त्याने ते वर्षाला दहा पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. कंपनीने बंदराजवळ किल्ला बळकट केला आणि अठराव्या शतकात भोवतालच्या वस्तीलाही तटबंदी घातली. या तटाला तीन दरवाजे होते. एक अपोलो गेट, दुसरा चर्च गेट, तिसरा बाजार गेट. यांतला चर्च गेट सेंट थॉमसच्या चर्चकडे नेणारा. हे चर्च १७१८ साली उपासनेसाठी खुले झाले आणि आजही उभे आहे. दरवाजा मात्र केव्हाच गेला. आज आपण 'चर्चगेट'ला उतरतो, तिथे ना चर्च दिसते ना गेट. ते जिथे होते ती जागा स्टेशनापासून दहा मिनिटांच्या वाटेवर, हुतात्मा चौकात आहे. दरवाजा गेला, नाव उरले. मुंबईत पुष्कळ ठिकाणी हेच झाले आहे, आणि शहर समजून घ्यायची किल्लीही त्यातच आहे.

कोटाच्या आत दोन वस्त्या होत्या. दक्षिणेकडे गोऱ्या लोकांची घरे व कचेऱ्या, आणि उत्तरेकडे, बाजार गेटाच्या अंगाला, पारशी, गुजराती आणि इतर एतद्देशीय व्यापाऱ्यांची दाट वस्ती. मध्ये एक मोकळे हिरवळीचे मैदान होते. तिथे कापसाच्या गासड्यांचे ढीग लागत आणि सौदे होत. त्याच्या पूर्वेला १८३३ साली टाउन हॉल पुरा झाला. उंच पायऱ्यांची आणि जाड खांबांची ही इमारत एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय म्हणून आपल्या परिचयाची आहे. पुढे त्या मैदानाभोवती वर्तुळाकार इमारती उठल्या. त्यालाच आज हॉर्निमन सर्कल म्हणतात. बी. जी. हॉर्निमन हे इंग्रज संपादक. पण हिंदी लोकांची बाजू घेऊन लिहिले म्हणून सरकारने त्यांना १९१९ साली देशाबाहेर घालवले. गव्हर्नराचे नाव पुसून त्या चौकाला या संपादकाचे नाव दिले गेले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता एक गोष्ट विचारतो. मुंबईत जमिनीला सोन्याचा भाव. मग ऐन मध्यभागी आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल मैदान अशी एकापुढे एक मोकळी मैदाने राहिली कशी? ही काही मुलांना खेळायला म्हणून कोणी ठेवली नाहीत. ती ठेवली तोफांसाठी. तटावरून गोळा सुटला तर वाटेत घर, झाड, आडोसा काही नको, शत्रू उघड्यावर दिसला पाहिजे, म्हणून तटाबाहेरचा पट्टा मुद्दाम मोकळा राखलेला होता. इंग्रज त्याला एस्प्लनेड म्हणत. फेब्रुवारी १८०३ मध्ये कोटात मोठी आग लागली आणि उत्तरेकडची दाट वस्ती बरीचशी जळाली. त्यानंतर पुष्कळ व्यापाऱ्यांनी आपले बिऱ्हाड या मोकळ्या पट्ट्याच्या पलीकडे हलवले. तिथे आधीच वाड्या, बागा आणि तलाव होते. त्या वस्तीला 'बाहेरचा कोट' म्हणू लागले. म्हणजे आज दोन भागांच्या मध्ये जी मैदाने दिसतात, ती जुन्या लष्करी हिशेबाची खूण आहे.

पुढे शत्रूचे भय उरले नाही आणि तट अडचणीचा झाला. आत कोंडमारा, हवा खेळती नाही, गाड्यांना वाट नाही. सर बार्टल फ्रिअर १८६२ साली गव्हर्नर झाले आणि त्यांच्या अमदानीत हा तट पाडला गेला. याच सुमारास, १८६३ साली, गोविंद नारायण माडगावकर या मराठी शिक्षकाने 'मुंबईचे वर्णन' हे पुस्तक प्रसिद्ध केले. शहर डोळ्यांदेखत बदलत होते आणि एक शिक्षक ते टिपून ठेवीत होता. शिक्षकमंडळींनी अभिमानाने सांगावे असे हे उदाहरण आहे.

तट पाडायला आणि नवे बांधायला पैसा कुठून आला? त्याचा धागा आपल्या काळ्या जमिनीशी जुळतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग त्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे धाव घेतली. वऱ्हाड, खानदेश, गुजरात इकडचा कापूस मुंबईच्या बंदरातून बोटींवर चढू लागला आणि भाव आकाशाला भिडले. शेअरांचा जुगार माजला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि कित्येक पेढ्या बुडाल्या. पण त्या तेजीच्या काळात सुरू झालेली कामे पुढे तडीस गेली. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. त्यासाठी देणगी देणारे प्रेमचंद रायचंद हे त्याच कापसाच्या तेजीतले मोठे नाव. हायकोर्टाची इमारतही १८७८ चीच. या इमारतींचे तोंड पश्चिमेकडे का, ठाऊक आहे? त्या बांधल्या तेव्हा समोर मैदान होते आणि मैदानापलीकडे समुद्र! मरीन ड्राइव्ह तेव्हा नव्हताच; तो विसाव्या शतकात समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर झाला. त्याच सुमारास ओव्हल मैदानाच्या पश्चिम कडेला गोल कोपऱ्यांच्या, आडव्या रेषांच्या, नव्या धाटणीच्या इमारती उठल्या. मैदानाच्या एका अंगाला एकोणिसावे शतक आणि दुसऱ्या अंगाला विसावे, असा हा देखावा आहे, आणि २०१८ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

आता कोट ओलांडून बाहेर पडू. वाटेत लागते ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. जुने नाव बोरीबंदर. १६ एप्रिल १८५३ रोजी इथूनच ठाण्याकडे पहिली प्रवासी आगगाडी सुटली. आजची भव्य इमारत त्यानंतरची. १८८७ साली तिला राणी व्हिक्टोरियाचे नाव दिले गेले, १९९६ साली ते बदलून शिवछत्रपतींचे नाव आले. याच परिसरात फार पूर्वी मुंबादेवीचे देऊळ होते. तटबंदीच्या कामापायी ते हलवावे लागले आणि देवी बाहेरच्या कोटात गेली. जिच्या नावाने शहर ओळखले जाते, ती देवी कोटाबाहेर आणि सत्ताधारी कोटाच्या आत, अशी ती वाटणी होती.

स्टेशनापासून थोडे उत्तरेला गेले की महात्मा जोतिबा फुले मंडई. लोक अजून क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात. ही १८६९ साली पुरी झाली. इथून पुढे चालणाऱ्याला एक गंमत आढळते. एका गल्लीत सगळी दुकाने कागद-वह्यांची, दुसरीत सगळी विजेच्या सामानाची. मंगळदास मार्केट आणि मूळजी जेठा मार्केट कापडाचे. झवेरी बाजार सोन्याचांदीचा. लोहार चाळीत आज लोहार शोधू नका, तिथे दिवे आणि वायरी विकतात. प्रिन्सेस स्ट्रीटला औषधांचे व्यापारी, नागदेवीला हत्यारे आणि यंत्रांचे सुटे भाग.

गावच्या माणसाला वाटते, एकाच मालाची शंभर दुकाने शेजारी-शेजारी मांडून हे एकमेकांच्या पायावर धोंडा का पाडून घेतात? पण यात पक्का हिशेब आहे. आपल्या आठवड्याच्या बाजारात बैल एकीकडे, भांडी दुसरीकडे आणि धान्य तिसरीकडे बसते की नाही? कारण घेणाऱ्याला चार ठिकाणी पाहून भाव करता येतो. म्हणून घेणारा तिथेच येतो, आणि घेणारा येतो म्हणून विकणाराही तिथेच बसतो. शिवाय एका दुकानात नसलेला माल शेजाऱ्याकडून पाच मिनिटांत आणता येतो. उधारी कोणाला द्यावी, कोणाला देऊ नये, हे गल्लीला तोंडपाठ असते. हातगाडीवाला, हमाल, दलाल, दुरुस्तीवाला हे सगळे त्या एका मालाचे जाणकार होऊन जातात. म्हणून अशी एखादी गल्ली उचलून दुसरीकडे नेणे फार कठीण. दुकाने हलवता येतात. ही जाण आणि हा विश्वास गाडीत भरून नेता येत नाही.

मशीद बंदराचे उदाहरण घ्या. नाव ऐकून वाटते, इथे मुसलमानांची मशीद असेल. पण हे नाव ज्यू लोकांच्या प्रार्थनामंदिरावरून पडले असे सांगतात. सामाजी हसाजी दिवेकर हे कंपनीच्या फौजेतले बेने इस्रायली अधिकारी. त्यांनी १७९६ साली इथे सिनेगॉग बांधले. बेने इस्रायल म्हणजे आपल्या कोकणातले 'शनवार तेली'. तेलाचा घाणा चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे आणि घरात मराठी बोलणारे. याच मशीद बंदर-मांडवी भागात धान्य, मसाले आणि सुक्या मेव्याच्या वखारी. या वखारींतली पोती कोणाच्या डोक्यावरून चढली-उतरली? सातारा आणि पुणे जिल्ह्यांच्या डोंगरी गावांतून आलेल्या आपल्या माणसांच्या. त्यांच्या कष्टाला नियम आणि संरक्षण मिळावे म्हणून १९६९ साली माथाडी कायदा झाला. मुंबईचा बाजार म्हणजे नुसता शेठजींचा बाजार नव्हे. त्यात गावाकडचे खांदे आहेत.

बाहेरच्या कोटाच्या पश्चिमेला गिरगाव. इथली नावे नीट ऐका : फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, मुगभाट. हा सगळा बागायतीचा मुलूख होता, हे नावेच सांगतात. धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक ही नावे तलावांची. तलाव मात्र बुजवले गेले. १८६० पासून विहार तलावाचे पाणी नळाने येऊ लागले, पुढे हिवतापाच्या डासांमुळे उघडे पाणी नकोसे झाले, आणि तलावांच्या जागी रस्ते व मैदाने आली. गोवालिया टँकच्या मैदानावरच १९४२ साली 'छोडो भारत'ची हाक दिली गेली.

गिरगावातली वाडी म्हणजे रस्त्यावरून आत शिरणारी चिंचोळी वाट आणि तिच्या दोन्ही बाजूंना चाळी किंवा घरे. खोताच्या वाडीत अजूनही लाकडी सज्जांची, कौलारू घरे आहेत. ती बहुतेक ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची. हे लोक इथले मूळचे रहिवासी आणि त्यांची बोली मराठीचीच एक बोली. चाळीत एका खोलीचे बिऱ्हाड, समोर लांब गॅलरी, कोपऱ्यात सामायिक नळ. जागा कमी, पण शेजार मोठा. १८९३ साली लोकमान्यांनी ज्या सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली, त्याची मुंबईतली सुरुवात गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत झाली. चाळीचा चौक नसता तर तो उत्सव बसला कुठे असता?

आणखी एक गोष्ट ग्रामीण श्रोत्यांच्या जिव्हाळ्याची. नवा माणूस शहरात आला की त्याने पहिली रात्र काढायची कुठे? याचे उत्तर या वस्त्यांनी शोधून ठेवले होते. धोबी तलावाच्या आसपास गोव्याच्या लोकांचे 'कूड' होते. एकेका गावाचा एकेक कूड, तिथे बोटीवर नोकरी शोधायला आलेला गावकरी थोडक्या पैशांत ट्रंक ठेवून राही. आपल्या कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांच्याही चाळींतून 'गावाच्या खोल्या' असत. दहा-वीस जण पाळीपाळीने झोपत, जेवण खाणावळीत. आजाऱ्याला सोबत, बेकाराला उधार आणि गावी पैसे पाठवायला ओळखीचा माणूस, हे सारे त्या एका खोलीत मिळे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवण्याचा जो धंदा सुरू केला, त्यात मावळ, मुळशी, जुन्नर, खेड या भागांतलीच माणसे एकमेकांच्या शब्दावर आली. खेडे शहरात येते ते असे, एका खोलीच्या दारातून.

आता या चित्राची दुसरी बाजू. दाटीचा शेजार जसा गोड तसा घातकही. १८९६ साली मुंबईत प्लेग उतरला, तो प्रथम मांडवीच्या याच कोंदट वखारींच्या वस्तीत. त्यानंतर १८९८ साली सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला आणि समुद्राचा वारा आत यावा म्हणून दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँढर्स्ट रोड असे सरळ, रुंद रस्ते काढले गेले. हवा आली, पण ज्यांची घरे पडली त्यांतल्या पुष्कळांना दुसरीकडच्या दाटीत जागा शोधावी लागली. हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत सुटलेला नाही.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने घरभाडी १९४० च्या पातळीशी बांधून टाकली. गरीब भाडेकरू वाचला, हे खरे. पण मिळणाऱ्या भाड्यात मालकाला जिनासुद्धा दुरुस्त करता येईना. इमारती थकल्या. सरकारने १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ नेमले, उपकर बसवला. तरी जुन्या इमारतींची संख्या मोठी आणि काम मागे. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली एक जुनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. त्याच भागात आता सुमारे साडेसोळा एकरांवरच्या जुन्या इमारती काढून उंच इमारती बांधण्याचे काम एका ट्रस्टने हाती घेतले आहे.

इकडे धंदेही पांगले आहेत. कांदा-बटाटा, मसाले, धान्य, फळे यांचे घाऊक बाजार १९८० नंतरच्या दीड-दोन दशकांत नव्या मुंबईत वाशीला गेले. ऑपेरा हाउसच्या हिरे व्यापाऱ्यांना २०१० साली वांद्र्याच्या संकुलात नवे घर मिळाले. माणसेही पांगली. २००१ च्या शिरगणतीत मुंबई शहर जिल्ह्यात ३३ लाखांहून अधिक लोक होते, २०११ मध्ये ते ३१ लाखांच्या आत आले. उपनगरे मात्र वाढतच राहिली. गिरगावातला मराठी माणूस डोंबिवली-बोरिवलीकडे सरकला, असे आपण ऐकतो ते याच ओघात.

मग काय करावे? जुने ते सोने म्हणून पडक्या चाळी तशाच ठेवाव्यात, असे म्हणण्याचा अधिकार तिथे न राहणाऱ्याला नाही. पावसाळ्याच्या रात्री छताकडे बघत जागणाऱ्या माणसाला नवे, पक्के घर मिळालेच पाहिजे. पण नवे घर म्हणजे नुसते चौरस फूट नव्हेत. खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि मध्ये चौक, अशी जी घडी होती तिच्यातून रोजगार चालत होता, मुलांवर चार डोळे राहत होते आणि गावाहून आलेल्याला टेकायला जागा होती. वीस मजल्यांची इमारत बांधताना या गोष्टींचाही हिशेब धरला पाहिजे. तो धरला नाही तर माणसे त्याच पत्त्यावर राहतील, पण वस्ती मोडेल. आणि वस्ती मोडली की तिचा पहिला फटका गावाहून नव्याने येणाऱ्या गरिबाला बसतो, कारण त्याच्यासाठी शहराचे दार तेच होते.

शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. मुलांची सहल मुंबईला नेलीत तर एक सकाळ या टापूसाठी राखून ठेवा. टाउन हॉलच्या पायऱ्यांवरून निघा. हॉर्निमन सर्कल, सेंट थॉमसचे चर्च, मग हुतात्मा चौक. तिथला फ्लोरा फाउंटन १८६४ चा, आणि त्याच्या शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात प्राण दिलेल्यांचे स्मारक. तिथून मैदाने डावीकडे ठेवून बोरीबंदर, फुले मंडई, मुंबादेवी, आणि शेवटी गिरगावातली एखादी वाडी. सगळे पायी जमते. मुले दमली तर ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोही काळबादेवी, गिरगावखालून पूर्ण मार्गाने धावते आहे. पण शक्यतो चालाच. वाटेत दिसेल त्या प्रत्येक नावाला मुलांनी प्रश्न विचारावा : इथे तलाव होता का? दरवाजा होता का? फणस होते का?

आणि परत आल्यावर त्यांना आपल्या गावाचा नकाशा काढायला सांगा, आळ्या-आळ्यांचा, नावानिशी. कोणती आळी कशावरून ओळखली जाते, तिथे आधी काय होते आणि आता कोण राहते, हे त्यांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहावे. माडगावकरांनी १८६३ साली मुंबईसाठी केले ते हेच काम आहे, आणि ते करायला वही, पेन्सिल आणि ऐकण्याची चिकाटी एवढेच लागते.